‘हुकूम गाजवते’ आणि ‘नेतृत्वगुण आहेत’ : एका प्रगतिपत्रकातील नोंदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका खासगी अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेतील आहे आणि ते 2023-24 या शैक्षणिक वर्षात घडले. शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग असून मुले-मुली एकत्र शिकतात. त्या वर्षी मूल्यमापनाचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे पुढे जे घडले त्यातल्या बऱ्याचशा निर्णयांत, आणि चुकांतही, माझा वाटा आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे, शाळेचे आणि माणसांचे नाव कुठेही दिलेले नाही.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याला धरून महाराष्ट्र शासनाने 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. सातवीला आकारिक (वर्गात सतत चालणाऱ्या) मूल्यमापनाचा भारांश 40 टक्के आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचा 60 टक्के असतो. गुणांखेरीज शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात आणि त्या प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यांत उतरतात. गुणांच्या आकड्यात न मावणारे मूल कागदावर यावे, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो मला आजही मोलाचा वाटतो.

प्रत्यक्षात पन्नासेक मुलांच्या वर्गाच्या नोंदी सत्र संपतानाच्या दोन-तीन दिवसांत, पेपर तपासणी आणि निकालपत्रके यांच्या गर्दीत लिहिल्या जातात. मोबाइलवर तयार नोंदींच्या याद्या फिरत असतात. ‘आपली मते ठामपणे मांडतो’, ‘गटाचे नेतृत्व करतो’, ‘प्रश्नांची उत्तरे धीटपणे देतो’ अशी ती वाक्ये बहुतेक पुल्लिंगी असतात आणि मुलीच्या पत्रकावर उतरवताना ‘मांडतो’चे ‘मांडते’ करून घ्यायचे असते. आमच्या शाळेत अनेकदा एवढा बदलही होत नसे. ‘नेतृत्व करतो’ हे वाक्य मुलांच्या पत्रकांवर जाई आणि मुलींच्या वाट्याला ‘नीटनेटकी राहते’, ‘अक्षर वळणदार आहे’, ‘मोठ्यांचा आदर करते’ ही वाक्ये येत. हे असे का होते, याचा विचार आमच्यापैकी कोणीही, मी धरून, त्या वर्षापर्यंत केलेला नव्हता.

प्रसंग

पहिल्या सत्रात सातवीला विज्ञानाचा गटप्रकल्प होता. आपल्या आळीतल्या सार्वजनिक नळांवर पाणी किती वाया जाते, ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजायचे आणि त्याचा तक्ता करायचा. एका गटाची प्रमुख मुलगी होती. तिने चौकटीच्या वहीच्या पानावर पाळ्या लिहून काढल्या होत्या : कोणत्या नळावर, कोणी, सकाळी किती वाजता. ते पान मी नंतर पाहिले. प्रत्येक पाळीपुढे बरोबरची किंवा फुलीची खूण होती आणि दोन मुलांच्या नावापुढे ओळीने फुल्या होत्या. तिसऱ्या वेळीही ती दोघे आली नाहीत, तेव्हा तिने भर वर्गात त्यांना सुनावले, “काम करायचं नसेल तर नाव पण लावू नका.” नंतर विज्ञानाच्या सरांकडे जाऊन त्या दोघांची नावे गटातून कमी करायला सांगितले.

दुसऱ्या एका गटाचा प्रमुख मुलगा होता. त्यानेही कामचुकार गड्याला वर्गात झापले, त्याचे काम काढून दुसऱ्याला दिले आणि त्याचे नाव कमी करा म्हणून त्याच सरांना सांगितले. दोन्ही गटांचे तक्ते चांगले झाले होते. प्रगतिपत्रकांवरच्या नोंदी मात्र अशा होत्या.

मुलीच्या पत्रकावर : ‘हुशार आहे, परंतु आगाऊपणे बोलते. इतरांवर हुकूम गाजवते. स्वभावात नम्रता आणणे आवश्यक.’

मुलाच्या पत्रकावर : ‘नेतृत्वगुण आहेत. गटाकडून काम करून घेतो. स्पष्टवक्ता आहे.’

दोन्ही नोंदी एकाच वर्गशिक्षिकेच्या हातच्या होत्या आणि दोन्ही विज्ञानाच्या सरांनी तोंडी सांगितलेल्या माहितीवरून लिहिलेल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पालकसभेत मुलीच्या वडिलांनी नोंद वाचली आणि वर्गशिक्षिकेला म्हणाले, “बाई, बरोबर लिहिलंत. घरी आजीलाही उलट उत्तरं देते.” आई शेजारी उभी होती, ती काही बोलली नाही. दहा-बारा दिवसांनी ती एकटीच शाळेत आली आणि माझ्या टेबलासमोर बसली. “बाई, माझी तक्रार नाही,” तिने सुरुवात केली. “पण पोरगी गप्प झालीय. विज्ञान प्रदर्शनाला मी पुढे होणार नाही म्हणते. म्हणते, बोललं की कार्डावर येतं.” मग थोडे थांबून म्हणाली, “आमच्या आळीतल्या त्या पोराचं कार्ड मी बघितलं. त्याचं तेच चांगलं म्हणून लिहिलंय.”

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर न अडखळता सूत्रसंचालन करणारी ती मुलगी होती. त्या आठवड्यात मी तिच्या वर्गात तास घेतला तेव्हा ती तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसली होती आणि उत्तर येत असूनही हात वर करत नव्हती.

नेमका प्रश्न काय होता

वरवर पाहता हा एका नोंदीतला अन्याय होता. मात्र मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी सातवीच्या दोन्ही तुकड्यांची पत्रके शेजारी-शेजारी ठेवून वाचली, तेव्हा चित्र मोठे दिसले. कोणता शब्द किती वेळा आला ते मी मोजलेही होते, परंतु एका शाळेच्या दोन तुकड्यांवरून टक्केवारी मांडणे मला योग्य वाटत नाही. शब्द सांगणे पुरेसे आहे.

प्रश्न विचारणारा मुलगा ‘चौकस’ होता आणि प्रश्न विचारणारी मुलगी ‘फार बोलते’ होती. आपले म्हणणे न सोडणारा ‘ठाम’ आणि न सोडणारी ‘हट्टी’. कमी बोलणारा मुलगा ‘मितभाषी’ होता, तर कमी बोलणारी मुलगी ‘गुणी’ होती, म्हणजे तिचे न बोलणे हाच तिचा गुण ठरला होता. काही शब्द तर एकाच बाजूला राहत होते. ‘सालस’ आणि ‘सोज्वळ’ एकाही मुलाला लावलेले नव्हते. ‘धडाडी’ एकाही मुलीच्या वाट्याला आलेली नव्हती.

मुलांचेही यात नुकसान होत होते आणि ते मला आधी दिसले नाही, हे नमूद करायला हवे. सातवीतल्या एका मुलाने वर्षभर दोघा-तिघांना पट्टीने मारले होते, एकाच्या मनगटावर वळ उठला होता. त्याची नोंद होती, ‘खोडकर आहे, पण मनाने चांगला आहे.’ ‘खोडकर’ या एका शब्दाने ती मारहाण झाकली गेली आणि त्या मुलाशी कोणीही बसून बोलले नाही. दुसऱ्या एका मुलाची आजी वारली होती. त्या आठवड्यात तो वर्गात दोनदा रडला. त्याच्या पत्रकावर ‘हळवा आहे, धीट होणे आवश्यक’ असे लिहिले होते. आजी गेली तेव्हा बारा वर्षांचे मूल रडले, यात सुधारणा कशाची करायची, याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते.

या सगळ्या नोंदींत एक गोष्ट समान होती. घडलेला प्रसंग पुसला जाऊन त्याच्या जागी स्वभावाचे विशेषण आले होते, आणि कोणते विशेषण यायचे ते बहुधा मूल मुलगा आहे की मुलगी, यावरून ठरले होते. त्या मुलीने एका दिवशी, एका कारणासाठी दोघांना सुनावले होते. त्याचे ‘हुकूम गाजवते’ झाल्यावर दिवसही गेला, कारणही गेले आणि उरला तो कायमचा स्वभाव.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापक, मी, वर्गशिक्षिका आणि आणखी तीन शिक्षक यांच्या बैठकीत चार सूचना आल्या. पहिली, त्या मुलीची नोंद बदलून नवे पत्रक द्यावे आणि विषय संपवावा. दुसरी, बाहेरचा वक्ता बोलावून सर्वांसाठी व्याख्यान ठेवावे. तिसरी, आक्षेपार्ह शब्दांची यादी करून ते वापरायचे नाहीत असे ठरवावे. चौथी, नोंदी लिहिण्याची पद्धतच बदलावी.

व्याख्यानाची सूचना लवकर मागे पडली, कारण तसे व्याख्यान दोन वर्षांपूर्वी झाले होते आणि त्यानंतरच्या नोंदी आमच्यासमोर होत्या. पहिल्या सूचनेवर मात्र बराच वेळ गेला. एका ज्येष्ठ सरांचे म्हणणे होते की सातवीच्या पत्रकावरील एका ओळीला इतके महत्त्व देऊ नये, मूल दोन महिन्यांत विसरते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना उत्तर म्हणून मी अमेरिकेतल्या एका खटल्याचे उदाहरण दिले आणि ते इथे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अशी ओळ पुढे कुठवर जाते ते त्यातून दिसते.

अ‍ॅन हॉपकिन्स ही प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण संस्थेत काम करत होती. 1982 मध्ये भागीदारीसाठी 88 जणांची नावे पुढे आली, त्यांत ती एकटी स्त्री होती. संस्थेच्या 662 भागीदारांपैकी तेव्हा स्त्रिया होत्या 7. तिने संस्थेला मोठे काम मिळवून दिले होते आणि ते कोणी नाकारले नव्हते. तरी भागीदारांच्या लेखी अभिप्रायांत ती ‘पुरुषी’ असल्याचा शेरा आला, एकाने तिला शालीन वागणुकीचे धडे घ्यायला सुचवले, आणि तिचे नाव मागे ठेवल्यावर तिला सांगण्यात आले की अधिक बायकी चालावे, बोलावे, तसे कपडे करावेत, दागिने घालावेत. तिने दावा केला. 1 मे 1989 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा साचेबंद कल्पनांवरून नोकरीतला निर्णय घेणे हा लिंगभेदच आहे, हे मान्य केले. त्या निकालातला एक विचार आमच्या प्रकरणाला तंतोतंत लागू पडतो : ज्या कामाला आक्रमकपणा लागतो, त्याच कामात बाईचा आक्रमकपणा खटकत असेल, तर ती तशी वागली तरी बाहेर आणि न वागली तरी बाहेर. आमच्या विद्यार्थिनीला गटप्रमुख आम्हीच केले होते. गटाकडून काम करून घेणे हेच तिचे काम होते.

ज्येष्ठ सरांचे यावर म्हणणे होते की तो मोठ्या माणसांचा व्यवहार झाला. ते खरे आहे. पण त्या भागीदारांनी ते शब्द कधीतरी, कुठेतरी शिकलेच असतील, आणि ते शिकण्याचे वय बाराच्या आसपासचे असते.

पहिली कृती आणि तिचे अपयश

आम्ही तिसरा पर्याय निवडला. तो सोपा होता आणि त्याला एक ताजा आधारही होता. ऑगस्ट 2023 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्री-पुरुषांविषयीच्या रूढ कल्पनांना तोंड देण्यासाठी न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढली होती. निकालपत्रांत आणि कागदपत्रांत टाळावेत असे शब्द आणि त्यांच्याऐवजी वापरायचे शब्द तिच्यात दिलेले आहेत. त्या धर्तीवर आम्ही वीसएक शब्दांची यादी केली : आगाऊ, हट्टी, फटकळ, तोंडाळ, हुकूम गाजवणारी, नखरेल, बायकी, भित्रा, रडका, हळवा, खोडकर आणि असेच इतर. ही यादी शिक्षकांच्या खोलीत लावली.

जानेवारीत दैनंदिन निरीक्षणाच्या नोंदवह्या पाहिल्या. यादीतला एकही शब्द नव्हता. ‘आगाऊ’च्या जागी ‘अतिउत्साही’ आले होते, ‘तोंडाळ’च्या जागी ‘बोलण्यावर संयम हवा’. ज्यांना काय लिहावे ते सुचले नाही, त्यांनी सगळ्या मुलींना ‘शांत व समंजस’ लिहून टाकले होते. कौतुकाचा शब्दही साचाच असतो, हे मला तेव्हा लख्ख कळले. ‘शांत व समंजस’ वाचून कोणतेही पालक तक्रार घेऊन येणार नाहीत, म्हणून तो साचा जास्त टिकतो. न्यायालयाच्या पुस्तिकेत दोष नव्हता. तिथे शब्दाचा कायदेशीर अर्थ ठरलेला असतो आणि योग्य शब्द आला की वाक्य दुरुस्त होते. आम्ही शब्द बदलले आणि प्रसंग न लिहिता स्वभाव लिहिण्याची सवय तशीच ठेवली.

ही यादी लावण्याच्या सभेत आणखी एक चूक झाली आणि ती अधिक गंभीर होती. उदाहरण म्हणून मी त्या दोन नोंदींच्या छायाप्रती, नावे झाकून, सर्वांना दाखवल्या. नाव झाकले तरी हस्ताक्षर झाकलेले नव्हते. वर्गशिक्षिका त्याच खोलीत बसल्या होत्या.

वर्गशिक्षिकेचे म्हणणे

सभेनंतर त्या चार दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले आणि माफी मागितली. तेव्हा त्या जे बोलल्या, ते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे बोलणे आहे असे मी मानते.

“तुम्हाला वाटतं मला ती आवडत नाही. ती माझी सगळ्यात लाडकी आहे. मी तिच्याएवढी होते तेव्हा मलाही असंच बोलायची सवय होती. सासरी पहिली दोन वर्षं त्यापायी काय काय ऐकलं ते माझं मला माहीत. तिला ते सोसावं लागू नये म्हणून लिहिलं मी.”

तोवर मी असे धरून चालले होते की अशा नोंदी दुर्लक्षातून किंवा आकसातून होतात. ही नोंद काळजीतून झाली होती. ‘मुलीची जात आहे, जरा सांभाळून’ हे वाक्य आपल्याकडे आया, मावश्या, आज्या मायेनेच बोलतात. शिक्षिकेला जग कसे आहे ते ठाऊक होते आणि त्या जगाला मुलगी सोयीची व्हावी, असा त्यांचा प्रयत्न होता. त्यावर मी त्यांना एवढेच विचारले की त्या दोन वर्षांत कोणी तुमच्या बाजूने उभे राहिले असते तर तुम्हाला काय हवे होते. त्या म्हणाल्या, “कोणीतरी म्हणायला हवं होतं, की ही बरोबर बोलतेय.”

त्या दिवसापासून पुढच्या कामात त्या माझ्याबरोबर आल्या. पुढे जी पद्धत ठरली, तिचा निम्मा भाग त्यांचा आहे.

नोंदी झाकून वाचताना

फेब्रुवारीत आम्ही एक प्रयोग केला. नोंदी वाचून मूल मुलगा आहे की मुलगी ते ओळखता येते का, हे पाहायचे होते. आमच्या मराठीच्या बाईंना यात ताराबाई शिंदे आठवल्या. बुलढाण्याच्या ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले, तेव्हा स्त्रियांच्या माथी मारलेले दोष एकेक करून घेतले आणि तो दोष पुरुषात नाही का, असे विचारले. आम्हाला तेच करायचे होते, फक्त शाळेच्या कागदावर.

पण मराठीत नाव झाकून भागत नाही. ‘बोलते’, ‘गाजवते’, ‘आहे’च्या अलीकडे येणारे ‘हळवा’, सगळीकडे लिंग उघडे पडते. म्हणून नोंदी पुन्हा लिहाव्या लागल्या आणि तिथेच एक अशी गोष्ट हाती लागली जी आमच्यापैकी कोणी शोधायला निघालेले नव्हते. मराठीच्या बाईंनी दाखवून दिले की भूतकाळातली सकर्मक क्रिया कर्त्याप्रमाणे बदलत नाही. ‘पाळ्यांचा तक्ता केला.’ ‘दोन जण तीनदा आले नाहीत म्हणून त्यांना वर्गात जाब विचारला.’ ‘त्यांची नावे कमी करण्याची मागणी सरांकडे केली.’ ही वाक्ये मुलीची की मुलाची, ते सांगता येत नाही. कर्मणी प्रयोग आहे, क्रियापद कर्माच्या मागे जाते. अडचण येते ती ‘बोलला’, ‘रडली’, ‘विसरली’ अशा क्रियापदांपाशी, आणि तिथे ‘मत मांडले’, ‘उत्तर दिले’ असे पर्याय सापडत गेले. रडण्याला चांगला पर्याय सापडला नाही. तिथे आम्ही ‘डोळ्यांत पाणी आले’ असे लिहिले.

याचा परिणाम व्याकरणापुरता राहिला नाही. तसे वाक्य लिहायचे म्हटले की शिक्षकाला काय घडले ते आठवावेच लागते. विशेषणाला आठवण लागत नाही, कर्मणी वाक्याला लागते.

दोन्ही गटप्रमुखांच्या नोंदी अशा रीतीने लिहून आम्ही त्या सहा शिक्षकांना दिल्या आणि प्रत्येकाने खाली अभिप्राय लिहायचा होता. दोन्ही कागदांखाली जवळपास एकच अभिप्राय आला : जबाबदारी घेतली, आता मतभेद एकांतात कसा मांडावा ते शिकवावे. शिकवण्यासारखे काही होते, ते दोघांनाही शिकवण्यासारखे होते. त्या ज्येष्ठ सरांनी दोन्ही कागद दोनदा वाचले आणि मुलगी कोणती ते विचारले. मी सांगितल्यावर त्यांनी आपल्या नोंदवह्या घरी नेल्या.

नवी पद्धत

मार्चपासून तीन गोष्टी केल्या. प्रत्येक मुलाच्या नोंदीत निदान एक घडलेला प्रसंग, भूतकाळात आणि शक्यतो कर्मणी प्रयोगात लिहायचा. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात स्वभावाविषयी काहीही लिहायचे नाही, तिथे मुलाला जमू शकेल अशी कृती लिहायची, जसे ‘गटातील मतभेद आधी त्या व्यक्तीशी स्वतंत्र बोलून सोडवावा’. आणि पत्रके वाटण्यापूर्वी एका वर्गाच्या नोंदी दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाने वाचायच्या.

वेळेचा प्रश्न होता आणि तो खरा होता. पन्नास मुलांचे पन्नास प्रसंग सत्राच्या शेवटी आठवत नाहीत. वर्गशिक्षिकेने यावर उपाय काढला : रोज हजेरी झाल्यावर पटावरच्या दोन नावांवर खूण करायची आणि त्या दिवशी त्या दोघांकडे जरा लक्ष ठेवून एक ओळ लिहायची. महिनाभरात वर्ग होतो. तयार याद्या बंद झाल्या असे मी म्हणणार नाही, पण सातवीत तरी त्यांची गरज कमी झाली.

परिणाम

विज्ञान प्रदर्शन तोवर होऊन गेले होते. ती मुलगी त्यात पुढे झाली नाही. तो प्रकल्प दुसऱ्या गटाच्या नावाने तालुक्याला गेला.

वार्षिक पत्रकावर तिच्या नावापुढे ‘विशेष प्रगती’मध्ये असे लिहिले होते : ‘नळांच्या पाहणीच्या पाळ्या स्वतः आखल्या आणि सर्व नोंदी वेळेत पूर्ण करून घेतल्या. काम न करणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत जाणीव दिली.’ निकालाच्या दिवशी वडील आले होते. त्यांनी ते वाचले आणि विचारले, “हे आधी का नाही लिहिलं?” आठवीत ती पुन्हा हात वर करू लागली, पण पूर्वीसारखे पटकन नाही. आधी आजूबाजूला पाहते, मग करते. हे मी तिच्या तासांत पाहिले आहे आणि त्याचे श्रेय नव्या पद्धतीला द्यायला मी तयार नाही, कारण तिची आई सहा महिने घरी तिच्याशी बोलत होती.

पट्टीने मारणाऱ्या मुलाची नोंद ‘तिघांना पट्टीने मारले’ अशी झाली, तेव्हा त्याचे पालक रागावून शाळेत आले. ‘खोडकर’ या शब्दाबद्दल त्यांनी कधी काही विचारले नव्हते. त्या बैठकीतून कळले की मोठा भाऊ त्याला घरी मारतो. त्यानंतर शाळेने त्या घराशी संपर्क ठेवला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी त्या मुलीशी बोलायला हवे होते. आई येऊन गेल्यापासून आम्ही तिच्याविषयी बैठका घेतल्या, तिची पत्रके वाचली, तिच्या पाळ्यांचे पान पाहिले आणि तिला स्वतःला मार्चपर्यंत कोणी काही विचारले नाही. मी विचारले तेव्हा ती म्हणाली की नोंदीपेक्षा सरांनी तेव्हा काही म्हटले नाही, त्याचे तिला जास्त वाटले, कारण ती त्यांना सांगायला गेली तेव्हा ते हसून ‘बरं’ म्हणाले होते. ही गोष्ट आमच्या एकाही कागदावर नव्हती. विज्ञानाच्या सरांशी त्याबद्दल बोलणे फारच उशिरा झाले. सगळा रोख लिहिणाऱ्या शिक्षिकेवर राहिला आणि तोंडी सांगणारे सर बाजूला राहिले, हाही एक अन्यायच झाला.

छायाप्रती दाखवण्याची चूक टाळता आली असती. वर्गशिक्षिकेला आधी एकटीला भेटले असते तर शब्दांची यादी करण्यात गेलेले दोन महिनेही वाचले असते, कारण काळजीतून आलेली नोंद यादीने बदलणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळले असते.

आणि पहिल्या सत्राचे पत्रक. ते बदलून द्यावे, ही पहिली सूचना आम्ही अपुरी म्हणून बाजूला ठेवली आणि मग पद्धत बदलण्याच्या धांदलीत ती राहूनच गेली. पद्धत बदलणे आणि पत्रक बदलणे यांत निवड करायची काहीच गरज नव्हती, दोन्ही करता आले असते. ‘स्वभावात नम्रता आणणे आवश्यक’ अशी ओळ असलेले ते पत्रक, शाळेचा शिक्का आणि सह्यांसह, अजून तिच्या घरी आहे. या वर्षी ती नववीत जाईल, त्याआधी दुरुस्त पत्रक तिच्या हातात द्यावे, असे लेखी पत्र वर्गशिक्षिका आणि मी मिळून मुख्याध्यापकांना दिले आहे.